मुलांना पूर्वज आपले वाटावेत, यासाठी घराण्याचा इतिहास कसा सांगावा?

आपण लिहिले आहे की बंगळूरमध्ये वाढणाऱ्या आपल्या नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांना पणजोबांचे नावही ठाऊक नाही, आणि आपण हौसेने भिंतीवर लावलेल्या वंशावळीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. आमच्या घरीही हेच झाले होते. वंशावळीत नुसती नावे असतात, आणि ज्या माणसावर कोणता प्रसंग आला व तो त्यातून कसा निभावला हे ठाऊक नाही, तो माणूस मुलांना आपला वाटत नाही.

आमच्याकडे चित्र पालटले ते एका फेरफारामुळे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीमुळे. गावच्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांतल्या एका जुन्या क्रमांकाची नक्कल मी तहसील कार्यालयातून मागवली, तेव्हा १९४४ सालची वारस नोंद हाती आली. माझे पणजोबा मयत, वारस म्हणून माझे आजोबा, त्यांच्या नावापुढे ‘अज्ञान’ आणि ‘अ. पा. क.’ म्हणून त्यांच्या आईचे नाव. माझा नऊ वर्षांचा मुलगा ‘अज्ञान’ वाचून खो-खो हसला. अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हे समजावल्यावर त्याने बोटांवर हिशेब केला आणि माझ्या आजोबांबद्दल, म्हणजे त्याच्या पणजोबांबद्दल, विचारले, ‘म्हणजे पणजोबा तेव्हा माझ्याएवढे होते, आणि त्यांना बाबा नव्हते?’ त्या दिवसापासून फोटोतले ते टोपीवाले गृहस्थ त्याचे कोणीतरी झाले.

पुढची गोष्ट मग त्यानेच एकेक प्रश्न विचारून काढून घेतली. आजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत लागले, लालबागच्या एका खोलीत पंधराजण पाळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अखेर आजोबा ट्रंक घेऊन गावी परतले. हा भाग मी गाळणार होतो, कारण हरल्याची गोष्ट मुलांना कशाला सांगायची, असे वाटत होते. माझा तो विचार चुकीचा होता. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २० प्रश्नांच्या आधारे मुलांना आपल्या कुटुंबाबद्दल काय ठाऊक आहे हे तपासले, तेव्हा ज्यांना अधिक ठाऊक होते त्या मुलांचा आत्मविश्वासही अधिक असल्याचे त्यांना आढळले. आणि ‘कधी चांगले दिवस आले, कधी वाईट, पण आपण एकत्र राहिलो’ अशा चढउतारांच्या कथा त्यांना सर्वांत उपयोगी वाटल्या. मात्र उत्तरे पाठ करून घेतल्याने हे साधत नाही, असेही ड्यूक यांनी स्पष्ट केले आहे. खरे काम जेवताना, प्रवासात, सणावारी होणाऱ्या गप्पा करतात.

आपल्याकडे गावी जमीन नसेल, तर आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील नोंद किंवा गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा, उतारा चालेल. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. घरातले कोणी पूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेले असेल, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या नावांच्या वहीत, त्यांच्या नोंदी सापडण्याची शक्यता असते, आणि आपल्या मुलांनाही त्याच वहीत खाली आपले नाव घालता येते. आमचे पूर्वज पानिपतावर लढले, असे मात्र कागद हाती असल्याशिवाय सांगू नये. निम्म्या महाराष्ट्राचे पूर्वज तेथे होते, असे ऐकून मुले लवकरच शंका घेऊ लागतात.

आणखी एक गोष्ट, जी मला मुलानेच दाखवली. फेरफारात पणजीचे नाव आहे, पण ते सासरचे. माहेरचे नाव व गाव आमच्या कोणत्याच कागदात नाही. जिने लहान मुलाच्या वतीने जमीन सांभाळली, तिला लग्नाआधी काय म्हणत, असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. येत्या दिवाळीत आम्ही दोघे माझ्या थोरल्या आत्याकडे हाच प्रश्न घेऊन जाणार आहोत. वही त्याने आत्ताच दप्तरात ठेवली आहे.