जुनी लांब रिकम्बंट की नवी आखूड?

प्रश्न : नमस्कार. माझं वय 54. साधी सायकल खूप वर्षं चालवली, पण आता तासाभरात मान आखडते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. डॉक्टर म्हणाले सायकल सोडू नका, बसायची पद्धत बदला. म्हणून रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून रेलून बसायची आणि पाय पुढे करून पेडल मारायची सायकल, घ्यायचं ठरवलंय. दोन समोर आहेत. एक साधारण 18 वर्षं जुनी, स्टीलची, लांब व्हीलबेस (व्हीलबेस म्हणजे दोन चाकांच्या आसांमधलं अंतर), हँडल सीटच्या खाली, मागे 26 इंची आणि पुढे 20 इंची चाक, व्ही-ब्रेक (रिमला दाबून धरणारे), 7 स्पीड. मालक एकच, पण बनवणारी कंपनी बंद झालीये. दुसरी नवी कोरी, अ‍ॅल्युमिनियमची, आखूड व्हीलबेस, दोन्ही चाकं मोठी, डिस्क ब्रेक, 11 स्पीड. जुनीची किंमत नवीच्या एक तृतीयांश. मित्र म्हणतात एवढी जुनी घेऊन पस्तावशील. मला रेस वगैरे नाही करायची, सुट्टीच्या दिवशी 40-50 किलोमीटर आणि जमली तर वर्षातून एखादी टूर. काय करू?

उत्तर : तुमचं वय, तुमचा त्रास आणि तुमचं चालवणं बघता माझा कल सरळ जुनीकडे आहे, फक्त फ्रेम आणि सीट नीट तपासून घ्या, आणि ती दोन्ही ठीक नसतील तर मग किंमत कितीही कमी असू दे, सोडून द्या.

मित्र जुनी-नवी बघतायत, पण तुमच्या समोरचा खरा फरक वयाचा नाहीच, लांब आणि आखूड असा आहे. लांब व्हीलबेसमध्ये पुढचं चाक पेडलच्या पुढे असतं, दोन आसांमधलं अंतर 160 ते 180 सेंटिमीटरच्या आसपास (साध्या सायकलचं साधारण 100), सीट पेडलपेक्षा वर, थांबलात की दोन्ही पाय आरामात जमिनीवर. आखूडमध्ये पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे एका नळीवर असतात, त्या नळीला बूम म्हणतात, आणि दोन्ही चाकं मोठी असली की सीटही उंच होते, पेडल सीटच्या बरोबरीला किंवा त्याहून वर जातात. पळते ती छान, वारा कमी लागतो, चढावर पण बरी, पण पहिल्यांदा रिकम्बंटवर बसणाऱ्याला सिग्नलला थांबणं-निघणं अवघड जातं, उंची कमी असेल तर टाचा टेकत नाहीत, हळू वळताना पायाचा चवडा चाकाला लागू शकतो, आणि पाय इतके वर ठेवल्याने काही लोकांचे तळवे बधिर होतात. हाताचा बधिरपणा घालवायला जाताय आणि पायाचा घेऊन याल असं व्हायला नको. लांबवालीचं सीटखालचं हँडल तर तुमच्या तक्रारीला अगदी योग्य, हात दोन्ही बाजूला सैल सोडलेले राहतात, मनगटावर वजन येतच नाही. लांबवालीची एक खोड मात्र माहीत असू द्या, वजन मागच्या चाकावर जास्त असतं आणि पुढचं हलकं, त्यामुळे वाळू-खडीवर वळताना पुढचं चाक घसरतं, तिथे हळूच घ्यायची. आणि ती ठेवायला जागा लागते, जिन्याने वर न्यायची असेल तर आधी जिन्याचं वळण मोजा.

आता 18 वर्षांत ती कालबाह्य झाली का, तर नाही. 7 जुलै 1933 ला फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकम्बंटवर एका तासात 45.055 किलोमीटर कापले आणि 1914 पासूनचा 44.247 चा विक्रम मोडला, आणि लगेच 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रेलून चालवायच्या सायकली नेहमीच्या शर्यतींतून बाहेर काढल्या. मला याचं अजून वाईट वाटतं, पण तुमच्यासाठी यातला कामाचा भाग असा की शर्यत नाही म्हणून मोठे कारखाने यात फारसे उतरलेच नाहीत, छोट्या छोट्या वर्कशॉपनी आपापल्या पद्धतीने सायकली बनवल्या, सीट स्वतःची, सीटचे ब्रॅकेट स्वतःचे, चेन वळवायची पुली स्वतःची. बसायची मूळ रचना तेव्हाही जमलेली होती. अडतं ते सुट्या भागांवर, म्हणून वय विचारू नका, कुठला भाग बाजारात मिळतो आणि कुठला फक्त त्या बंद पडलेल्या कंपनीचाच होता ते विचारा.

या हिशोबाने तुमच्या जुनीत बरंच काही साधं आहे. ब्रेक, केबल, 7 स्पीडचे शिफ्टर-डिरेलर (गिअर बदलायची कळ आणि चेन सरकवणारा भाग), पेडल, क्रँक (पेडल अडकवायचा दांडा), बेअरिंग हे सगळं नेहमीच्या सायकलचं, अजूनही मिळतं आणि स्वस्त मिळतं. मागच्या 26 इंची चाकाचे टायर कुठेही मिळतील. पुढच्या 20 इंचीत मात्र फसायला होतं, कारण 20 इंची म्हणून दोन वेगळी मापं येतात, टायरच्या बाजूला बारीक अक्षरात 47-406 असं काही लिहिलेलं असेल तर उत्तम, ते बीएमएक्स आणि फोल्डिंग सायकलचं माप, भरपूर मिळतं, पण शेवटी 451 असेल तर टायर कमी प्रकारांत मिळतात आणि बरेचसे बारीक असतात, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. घ्यायच्या आधी तो आकडा वाचाच. सध्याचे टायर कसे का दिसेनात, इतके जुने असतील तर बदलायचे, रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात.

मग उरतात फ्रेम, सीट आणि स्टिअरिंगचा दांडा, आणि खरा वेळ इथेच घालवा. सीट काढायला लावा (मालक का-कू करत असेल तर मला ते आवडणार नाही), फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात सगळे वेल्ड बघा, सीटचे ब्रॅकेट जिथे जोडलेत तिथे, पुली जिथे बसवलीये तिथे, हेडट्यूबच्या (पुढच्या चाकाचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) खालच्या बाजूला, मागच्या चाकाच्या आसपास. रंगात केसासारखी रेघ आणि त्या रेघेतून तपकिरी गंज डोकावत असेल तर ती भेग असू शकते. नुसता वरवरचा गंज मला चालतो, नळीच्या आतला नाही, म्हणून जी काही टोपी किंवा प्लग निघत असेल तो काढून आत बघा, आणि फ्रेम उलटी करून हलवा, आतून गंजाचे पोपडे खाली पडले तर विचार सोडा. स्टील असल्याचा फायदा हा की छोटी भेग चांगला वेल्डर दुरुस्त करू शकतो, मागचे डोळे (म्हणजे चाक अडकतं ती जागा) नव्या हबसाठी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागासाठी, चार-पाच मिलिमीटर रुंद करता येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला यातलं काहीही करू देऊ नका.

सीट जाळीची असेल तर त्यावर बसून पंधरा-वीस मिनिटं खरोखर बसा, लोक मिनिटभर बसून उठतात आणि मग घरी नेल्यावर कळतं की जाळी सैल पडलीये आणि माकडहाड खालच्या नळीला टेकतंय. उन्हाने जाळीचे धागे भुरभुरीत होतात, नखाने घासून बघा. नुसती जाळी गेली असेल तर घाबरायचं कारण नाही, तंबू-बॅगा शिवणारा माणूस तशीच दुसरी शिवून देतो, पण सीटचा सांगाडा वाकलेला किंवा तुटलेला असेल तर तो कुठून आणणार? सीट पट्टीवर पुढे-मागे सरकते का तेही बघा, कारण लांबवालीत तुमच्या पायाचं माप त्यावरच जमवायचं असतं. माप घ्यायची सोपी पद्धत, भिंतीला पाठ घट्ट टेकून जमिनीवर पाय पसरून बसा, बूट घालून, आणि भिंतीपासून बुटाच्या तळापर्यंत मोजा, हे माप विकणाऱ्याला आधी कळवा म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

हँडल सीटखाली म्हणजे तिथून पुढच्या फोर्कपर्यंत (पुढचं चाक धरणारा चिमटा) एक दांडा जातो, त्याच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असतात. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवा, चाक न हलता हँडल हललं तर सांधे झिजलेत. ते यंत्राच्या सामानाच्या दुकानात मिळतात, पण भावात धरून घ्या.

चेनबद्दल. रिकम्बंटला साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडाव्या लागतात, बदलायची वेळ आली की खर्च तितका, पण लांब असल्यामुळे झिजते पण सावकाश. पट्टी लावून 12 पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) मोजा, नव्या चेनमध्ये त्या बरोबर 304.8 मिलिमीटर भरतात, दीड मिलिमीटरने वाढल्या असतील तर चेन संपली, त्याहून खूप जास्त असतील तर मागचे दातेही गेले. आणि सगळ्यात हलका गिअर टाकून जमिनीवर खूण करून बघा, पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल 2 मीटरपेक्षा कमी पुढे गेली पाहिजे, कारण रेलून बसल्यावर चढाला पेडलवर उभं राहता येत नाही, हलक्या गिअरवर भरभर पाय फिरवायचे एवढंच हातात असतं, आणि जड गिअर रेटला की गुडघे दुखतात.

नवीचं काय चांगलं? डिस्क ब्रेक पावसात नक्कीच जास्त भरवशाचे, वॉरंटी मिळते (जुन्या सायकलची असली तरी ती बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते), भाग मिळत राहतील, वजन थोडं कमी. तुम्ही डोंगराळ भागात राहत असाल, पावसात रोज कामाला जाणार असाल किंवा पुढे वेगाची हौस करायची असेल तर मी उलटं सांगितलं असतं. जुनीला डिस्क लावून घेऊ असा मोह मात्र नको, फ्रेमला आणि फोर्कला त्यासाठी जागा दिलेली नसेल तर ते जोडकाम धोक्याचं. चांगले पॅड टाकलेले व्ही-ब्रेक तुमच्या वापराला पुरतात, फक्त रिमची बाजू बोटाने चाचपून बघा, खोलगट लागली तर रिम बदलायची.

आणि चालवून बघायला एकदा नाही, दोनदा जा. पहिल्या दिवशी सायकल डुगडुगणार, तो सायकलचा दोष नसतो, साध्या सायकलवर आपण अंगाने तोल सावरतो ती सवय इथे उपयोगी पडत नाही. मोकळी जागा, अगदी थोडासा उतार, हलका गिअर, खांदे सैल. दुसऱ्या वेळी तुम्हाला सायकल कळायला लागेल, निर्णय तेव्हा घ्या. जमलं तर नवीवरही बसून बघा, तिच्यावर तुमचं अंग सैल राहिलं आणि जुनीवर आखडलं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून नवी घ्या.

प्रश्न : मी एक जुनी तीनचाकी रिकम्बंट बघितली, पुढे दोन चाकं, मागे एक. फ्रेम छान आहे पण पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने पार घासलेत आणि मागचा अजून चांगला आहे. गडबड आहे का?

उत्तर : बहुतेक करून पुढच्या चाकांची दिशा बिघडलीये, दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नसली की टायर रस्त्यावर फरफटत जातात आणि थोड्याच दिवसांत संपतात. हँडल सरळ ठेवून चाकांच्या आसाच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजा आणि मागून मोजा, सारखं असावं किंवा पुढे एक-दोन मिलिमीटर कमी. जास्त फरक असेल तर चाकं वळवणाऱ्या दांड्याचे नट फिरवून तो जुळवता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्याआधी एकेक चाक वरून धरून आत-बाहेर हलवा, खडखड लागली तर चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंवा तिचे बुश झिजलेत, आणि मग अंतर कितीही जुळवलं तरी टिकणार नाही. बुश मिळतायत याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. फक्त टायरकडे बघून सोडूनही देऊ नका, टायर घासलेत म्हणून विकणारा भाव कमी करतो आणि काम नटांचं असतं असंही होतं.

प्रश्न : वयामुळे चढ जमत नाहीत. जुन्या लांब व्हीलबेसच्या रिकम्बंटला पुढच्या चाकात मोटर लावली तर चालेल का? किट स्वस्त मिळतंय.

उत्तर : पुढच्या चाकात नको. वर म्हटलं तसं लांबवालीत पुढच्या चाकावर वजनच कमी, मोटरने जोर लावला की ओल्या किंवा खडीच्या चढावर ते नुसतं जागच्या जागी फिरणार, आणि जुना फोर्क त्या पिळासाठी बनवलेला नसतो, आस खोबणीतून निसटू शकतो. मागच्या चाकातली मोटर घ्या, वजन तिथेच आहे, पकड मिळेल, आस फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म (आस धरून ठेवणारी पट्टी) लावून घ्या आणि बॅटरी सीटच्या मागे शक्य तितकी खाली बांधा. क्रँकवरची मोटर त्याहून चांगली चढते, पण तिचा सगळा जोर त्या लांब चेनवर आणि पुलीवर येतो, त्यामुळे आधी पुलीचं बेअरिंग बघून घ्या. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि खूप जुनी असेल तर मी मोटर लावणार नाही, छोटी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मागे मोठ्या दातेरी चाकांची कॅसेट (मागच्या गिअरचा संच) टाकून बघा, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.