बाळाच्या यकृतातली गाठ काढता येत नाही म्हणतात. ट्रान्सप्लांट अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवावा का?

नाही. दीड वर्षाचा पुतण्या, हेपॅटोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा यकृताचा कॅन्सर), गाठ यकृताच्या चारही भागांत (तुमच्या रिपोर्टमधलं ‘प्रीटेक्स्ट 4’ ते हेच), आणि घरचे म्हणताहेत आधी निघेल तेवढी कापून बघू. आमच्याकडेही हीच चर्चा झाली होती. मी मुलीला यकृताचा भाग दिलाय, म्हणून स्पष्ट लिहिते.

‘आधी कापून बघू’ अंगाशी येतं. मुलांच्या यकृताच्या कॅन्सरवर अभ्यास करणाऱ्या युरोपातल्या सिओपेल गटाचे आकडे 2004 साली आले: थेट ट्रान्सप्लांट झालेली 85 टक्के मुलं 10 वर्षांनी हयात होती, शस्त्रक्रियेत गाठ मागे राहिल्यावर किंवा ती पुन्हा उद्भवल्यावर ट्रान्सप्लांट झालेल्यांत 40 टक्केच. त्यात मुलं मोजकी होती, पण जगभरातल्या नोंदी गोळा केल्या तेव्हाही 6 वर्षांनी 82 टक्के विरुद्ध 30 टक्के असंच दिसलं.

केमो मात्र आधी लागतेच. सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाने गाठ कधी इतकी आकसते, की एक भाग मोकळा होतो आणि ट्रान्सप्लांट टळतं. ते स्कॅनवर कळेल. पण त्याची वाट बघत बसू नका, ट्रान्सप्लांट सर्जनला आत्ताच भेटा. फार तर केमोच्या दुसऱ्या सायकलपर्यंत (फेरीपर्यंत). केमो संपल्यावर बाळाला ताटकळत ठेवता येत नाही आणि दात्याच्या तपासण्या, कागदपत्रं यांत दिवस कसे जातात कळत नाही. फुप्फुसात ठिपके असतील, म्हणजे कॅन्सर तिथे पसरला असेल, तरी लगेच हाय खाऊ नका. केमोने गेले किंवा शस्त्रक्रियेने काढता आले, तर ट्रान्सप्लांट होऊ शकतं.

एवढ्या लहान मुलाला मोठ्यांच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. तुम्ही स्वतः द्यायला तयार आहात हे वाचून बरं वाटलं, पण कायद्याने आईवडील, आजी-आजोबा ‘जवळचे नातेवाईक’, काका नाही. तुमच्यासाठी प्राधिकार समितीची (अशा अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी लागेल. म्हणून आधी वहिनी, दादा आणि आजी-आजोबांचे रक्तगट बघा.

नंतर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, कायमचं. जिवंत विषाणूंच्या लशी, म्हणजे गोवर, कांजिण्या वगैरे, ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत. लसीकरणाचं कार्ड घेऊनच जा. सिस्प्लाटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, तेव्हा केमोआधी आणि मधेमधे कानांची तपासणी मागून घ्या. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच आठवड्यात गाठा, निधीचे अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो.