मुलीच्या बायोत ‘टेकन’ लिहिलंय, आता काय करू?

चवथ आटोपून घरं रिकामी झाली की एका ठरावीक तक्रारीची रीघ लागते. गणपती दीड दिवसाचा असो वा पाच दिवसांचा, मुंबई-पुण्याचे नातेवाईक घरी उतरलेले असतात. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, पोरांचे फोटो निघतात, कुणीतरी मावशी भाचीला इन्स्टाग्रामवर शोधून काढते आणि तिथे दिसलेलं सगळं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतं. मग मला, समुपदेशक म्हणून, फोन सुरू होतात. नववीतल्या पोरीने बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळीत, ‘मॅरीड’ लिहिलंय. मुलगा मित्राला ‘माय लाइफ’ म्हणतो. रात्रीत सगळे फोटो गायब झालेत, काही झालंय का? फोंडा, पेडणे, म्हापसा, गाव कुठलंही असो, आईबापांना एकच जाणून घ्यायचं असतं: हे खरं की नाटक?

डिचोलीकडच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे. मुलगी अकरावी कॉमर्सला. बायोत ‘टेकन’ (म्हणजे ‘माझं कुणाशी तरी जुळलेलं आहे’), पुढे अंगठीचं चिन्ह, ‘र’ हे अक्षर आणि एक तारीख. मावशीचा स्क्रीनशॉट आला, बाबांनी ‘हा र कोण?’ असं तीनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही, फोन कपाटात गेला. चौथ्या दिवशी मुलगी जेवेना, म्हणून आई तिला घेऊन आली. ‘प्रेमभंग झालाय बहुतेक,’ असं आईने बाहेरच माझ्या कानात सांगितलं.

‘र’ कोण, हे मी विचारलं नाही. त्या प्रश्नाने घरात काय झालं ते दिसतच होतं.

“हे लिहिलंस तेव्हा कोण वाचणार असं डोक्यात होतं?”

“आमचा ग्रुप. सात जणी.”

“आणि फॉलोअर किती?”

“चारशेच्या वर असतील. पण ते वाचत नाहीत. ते नुसते असतात.”

“मावशी?”

“ती कधी आली तेच कळलं नाही.”

मोठी माणसं बायो लग्नपत्रिकेसारखी वाचतात: छापून आलं म्हणजे ठरलं, आणि आपल्याला आलं म्हणजे ते आपल्यासाठीच. मुलं लिहितात चार-सहा जणांसाठी. बाकीच्यांनी वाचलं तर वाचलं, अर्थ लागणार नाही याची त्यांना खात्री असते. म्हणून मी पालकांना आधी ‘हे काय आहे?’ विचारू देत नाही. ‘हे कुणासाठी आहे?’ असं विचारायला लावते. मुलं या प्रश्नाला बहुधा उत्तर देतात, कारण त्यात आरोप नसतो.

पुढच्या भेटीत उलगडा झाला. ‘र’ म्हणजे पाचवीपासूनची वर्गमैत्रीण. तारीख दोघींच्या मैत्रीची. आणि ‘टेकन’ हे ट्यूशनमधल्या बारावीच्या एका मुलासाठी होतं. तो रोज मेसेज करायचा. नाही म्हटलं की ‘का नाही?’ विचारायचा. ‘टेकन’ दिसल्यावर थांबला. घरात सांगितलं असतं तर ट्यूशन बंद झाली असती, असा तिचा हिशेब. मला तो चुकीचा वाटला नाही.

मग रडणं कशाचं? दोघींची स्नॅपचॅटवर वर्षभराहून जुनी स्ट्रीक होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दोघांनी एकमेकांना २४ तासांत निदान एक स्नॅप पाठवायचा. सलग तीन दिवस झाले की नावापुढे आकडा येतो आणि रोज वाढतो. नुसता लिहिलेला मेसेज चालत नाही, फोटो किंवा व्हिडिओच लागतो. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं, एकाकडून राहिलं की आकडा शून्य. त्यातले बरेचसे स्नॅप म्हणजे अंधारातल्या छताचा फोटो आणि त्यावर स्ट्रीकचा ‘एस’ हे एक अक्षर. बोलण्यासारखं त्यात काही नसतं. आठवण ठेवली, एवढंच त्यातून पोचतं.

फोन कपाटात होता, स्ट्रीक तुटली. मैत्रिणीला कपाटाचं काय माहीत? तिला वाटलं, ही मुद्दाम टाळते. तिने आपल्या बायोतून हिचं अक्षर काढलं आणि दोघींचे फोटो आर्काइव्ह केले, म्हणजे न पुसता लपवले. पूर्वी दोन मुलींनी अबोला धरला तर वर्गात चार जणींना कळायचं. इथे एक अक्षर गेलं आणि सगळ्या वर्गाला दिसलं. मुलीला कळलं ते तिसरीकडून, हायर सेकंडरीच्या कॅन्टीनमध्ये.

हे ऐकून आई म्हणाली, “एवढ्यासाठी? मैत्री आहे ना मनात, मग लोकांना कशाला दाखवायची?”

मुलगी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मे महिन्यात तुमची अ‍ॅनिव्हर्सरी झाली. तू आणि बाबा दोन दिवस बोलत नव्हता. तरी तू स्टेटसला जोडीचा फोटो ठेवलास.”

आईचा चेहरा उतरला. “नाही ठेवला तर लोक विचारतात ना! नणंदेचा फोन आला असता.”

“तेच.”

असं काही घडतं तेव्हा समुपदेशकाने गप्प बसायचं असतं, आणि ते बोलण्याहून कठीण आहे. आई आधी हसली, मग डोळे पुसले. “म्हणजे हिला पण नणंदा आहेत,” म्हणाली. इतक्या पालकांना मी जे समजावत आले ते त्या बाईने एका वाक्यात सांगितलं. दाखवणं हे खोटंही नसतं, पुरतं खरंही नसतं. न दाखवण्याचाही अर्थ लावला जातो, म्हणून दाखवावं लागतं.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये किशोरवयातल्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’विषयी लिहिलं: या वयात सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. मी त्यात एक भर घालते. आजच्या मुलांचा प्रेक्षक काल्पनिक उरलेला नाही. स्टोरी कुणी पाहिली त्यांची नावं खाली दिसतात, आणि कुणी पाहिली नाही तेही त्यावरून कळतं. ‘लोकांचा विचार करू नकोस’ हा उपदेश म्हणूनच मुलांना पोकळ वाटतो.

आता करायचं काय? अकाउंट बंद करायला लावू नका. इन्स्टाग्रामच्या एकाच अ‍ॅपमध्ये पाच अकाउंट ठेवता येतात. एक बंद केलंत तर दुसरं उघडेल आणि ते तुम्हाला दिसणार नाही. फोन काढून घ्यायचाच असेल तर आधी दहा मिनिटं द्या आणि ‘फोन चार दिवस नसेल’ असं मित्रांना कळवू द्या. नाहीतर मुलं स्ट्रीक वाचवण्यासाठी पासवर्ड मैत्रिणीला देऊन ठेवतात आणि खरा धोका तिथून सुरू होतो. स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकू नका. कुणी टाकला तर त्या व्यक्तीला वेगळा मेसेज करा, ‘मला माहीत आहे, मी बघते.’ माहीत नसलं तरी.

सेटिंगबद्दल बोलायचं तर भारतात फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामची टीन अकाउंट्स आली आहेत. १८ वर्षांखालच्यांचं खातं मुळात खासगी राहतं आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचनांचा आवाज बंद असतो. १६ पूर्ण नसतील तर हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. अर्थात खातं काढताना वय खरं घातलेलं असेल तरच, म्हणून आधी ती जन्मतारीख बघा. पालकांनी देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. माझ्या मते तेवढं पुरे. स्नॅपचॅटच्या नकाशात घोस्ट मोड (आपण कुठे आहोत ते इतरांना न दाखवणारी सोय) चालू आहे ना, हे मात्र मुलासोबत बसून पाहा.

‘टेकन’, ‘मॅरीड’, अंगठ्या, अक्षरं, गायब फोटो यांनी घाबरू नका. मी घाबरते ते वेगळ्या गोष्टींना. प्रेमाचा पुरावा म्हणून कुणी पासवर्ड मागतं. ‘कुठे आहेस’ म्हणून सतत लोकेशन मागतं. खासगी फोटो मागतं, किंवा असलेला फोटो पसरवायची धमकी देतं. अशा वेळी पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, मुलाला ओरडू नका. १९३० या हेल्पलाइनवर सायबर तक्रार होते, मुलांसाठी १०९८ आहे. आणि एक साधी खूण: एखादा दिवस स्नॅप राहिला तर मूल हळहळतं की थरथरतं? थरथरत असेल, रात्री दोनला उठून पाठवत असेल, तर मला भेटा.

या घरी बाबा तिसऱ्या भेटीला आले. पूर्ण वेळ हाताची घडी. निघताना मुलीला एवढंच विचारलं, “त्या ट्यूशनच्या पोराचं नाव काय?” तिने सांगितलं नाही, त्यांनी ताणलं नाही. मैत्रिणीला मुलीने फोनवर न लिहिता बसस्टँडवर गाठून कपाटाची हकिकत सांगितली. आकडा एकपासून पुन्हा सुरू झालाय. रात्री दहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, त्याआधी छताचा एक फोटो जातो. बायोत ‘टेकन’ अजून आहे. तो मुलगा बारावीची परीक्षा देऊन ट्यूशन सोडेपर्यंत ते राहणार, असं तिने आईला सांगून टाकलंय.