उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ओळखताना मुलांचे गुण नेमके कुठं जातात?

तुमची अडचण अशी आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहता, धाकटा मराठी माध्यमात दहावीला, थोरली कन्नड माध्यमातून शिकलेली. दोघं अभ्यासाला बसली की अलंकारांवरून वाद, कारण एकाच नावाखाली दोघांच्या वह्यांत वेगळं लिहिलंय. आणि ‘सारखा’ला उपमा, ‘जणू’ला उत्प्रेक्षा हे घोकूनही धाकट्याचे गुण जातातच.

गुण त्या घोकण्यानंच जातात. हे खूणशब्द मराठीत इतरही पुष्कळ कामं करतात. ‘गुंडू सारखा रडतो’ यात सारखा म्हणजे सतत. ‘वेळापत्रकाप्रमाणे बस आली’ यात प्रमाणे म्हणजे बरहुकूम. ‘खानापूरसारख्या गावात राहायचं’ यात खानापूर नुसतं उदाहरण. ‘जणू काही घडलंच नाही अशा थाटात तो निघून गेला’ यात तुलनेला बाहेरून आणलेली गोष्ट, म्हणजे उपमानच नाही, ती रोजच्या बोलण्यातली लकब आहे. ‘तोही भावासारखाच शिक्षक झाला’ यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, निव्वळ माहिती देणारी. वेगळ्या जातीच्या दोन गोष्टींत अचानक साम्य दिसल्यावर जी गंमत वाटते तिला शास्त्रात चमत्कृती म्हणतात. ती नसेल तर अलंकार नाही.

म्हणून खूणशब्द शेवटी बघायचा. आधी विचारायचं, वाक्य कशाबद्दल बोलतंय? ते उपमेय. त्याचं वर्णन करायला बाहेरून काय आणलंय? ते उपमान. इथं एक हमखास चूक होते: वाक्यात जे आधी येईल त्याला मुलं उपमेय म्हणतात. ‘दुधासारखी पांढरी ज्वारी’ यात दूध आधी आलं तरी बोलणं ज्वारीचं आहे, तेव्हा उपमेय ज्वारीच. पांढरेपणा हा साधारण धर्म, ‘सारखी’ हा साम्यवाचक शब्द. हे चारही असले की पूर्णोपमा, एखादा गळला की लुप्तोपमा.

उपमेय आणि उपमान सापडले की एकच पाहायचं: त्या दोघांच्या नात्याबद्दल वाक्य कोणता दावा करतंय? यासाठी एकच जोडी घेऊन ती सगळ्या अलंकारांतून फिरवावी. जांबोटीचं पावसाळी धुकं आणि धूर घ्या.

‘धुकं धुरासारखं दाट आहे.’ दोन्ही वेगळे, फक्त सारखे. उपमा.

‘धुकं जणू धूरच!’ वेगळे आहेत हे ठाऊक आहे, पण घटकाभर एकच मानू या. उत्प्रेक्षा.

‘धुक्याचा धूर रानभर कोंडला.’ मानण्याचा प्रश्नच नाही, धुकं हाच धूर. रूपक.

‘हे धुकं नव्हे, रानानं पेटवलेल्या चुलीचा धूर आहे.’ उपमेय नाकारून उपमानाची स्थापना. अपन्हुती.

‘या धुक्यापुढं धूरही विरळ.’ उपमेय उपमानाहून वरचढ. व्यतिरेक.

‘हे धुकं की धूर?’ निर्णय होत नाही. ससंदेह.

‘धुकं पाहून रान पेटलं समजून गडी घागरी घेऊन धावले.’ खरीच फसगत. भ्रांतिमान.

‘जांबोटीच्या धुक्यासारखं जांबोटीचंच धुकं.’ उपमेयाची तुलना त्याच्याशीच. अनन्वय.

ससंदेह, भ्रांतिमान आणि अपन्हुती यांत मुलं अडखळतात. चूक खरोखर कोणाची होते ते बघावं. अपन्हुतीत बोलणाऱ्याला सत्य पक्कं ठाऊक असतं, तो मुद्दाम नाकारतो. भ्रांतिमानात कोणीतरी खरंच फसतं आणि त्या समजुतीनं काहीतरी करून बसतं, म्हणून तिथं कृती शोधायची. घागरी घेऊन धावणं ही कृती काढून टाका, उरलेल्या वाक्यात भ्रांतिमान टिकणार नाही.

रूपक ओळखायला क्रियापद उपयोगी पडतं. ‘धुक्याचा धूर कोंडला’ यात कोंडणं हे धुराचं काम, म्हणजे वाक्य उपमानाच्या बाजूनं चाललंय. समासातही हेच. ‘मुखकमल उमललं’ यात उमलणं कमळाचं, म्हणून रूपक. ‘मुखकमलावर हसू आलं’ यात हसू मुखाचं, तेव्हा जुन्या आलंकारिकांच्या हिशेबी ती उपमा ठरते. शालेय पेपरात मात्र मुखकमल, नयनकमल असं काही दिसलं की रूपकच अपेक्षित असतं. तिथं पांडित्य दाखवायला जाऊ नये.

चेतनागुणोक्ती, म्हणजे निर्जीव गोष्ट सजीवासारखी वागते असं वर्णन, सोपी समजतात, पण तिची सीमा बारीक आहे. ‘धुकं घाटात ठाण मांडून बसलंय, हॉर्न दिला तरी उठत नाही’ ही चेतनागुणोक्ती. त्यातच ‘जणू ठाण मांडून बसलंय’ म्हटलं की आपण कल्पना करतोय अशी कबुली आली, आणि वाक्य उत्प्रेक्षेकडं सरकलं. ‘धुकं इतकं दाट की कोयत्यानं कापून पेंढ्या बांधल्या’ ही सरळ अतिशयोक्ती.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत गोंधळ होतो कारण दोन्हीकडं दोन स्वतंत्र वाक्यं शेजारी असतात. मध्ये शब्द घालून बघा. ‘गडगडणाऱ्या ढगानं भात पिकत नाही, चढ्या आवाजानं वाद जिंकता येत नाही.’ मध्ये ‘तसंच’ चपखल बसतं. दोन्ही विधानं एकाच पातळीवरची, एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. दृष्टान्त. ‘घरचाच बैल बुजला आणि धन्याला शिंग लागलं, जवळच्याचाच घाव खोल जातो.’ इथं ‘तसंच’ बसत नाही, ‘म्हणतात ना’ बसतं. पहिलं विशेष, दुसरं सर्वसामान्य तत्त्व, आणि एक दुसऱ्याला आधार देतंय. अर्थान्तरन्यास. क्रम उलटा, म्हणजे तत्त्व आधी आणि उदाहरण नंतर, असला तरी नाव तेच.

आता तुमच्या घरातला वाद. अर्थालंकारांत, म्हणजे शब्दाच्या आवाजावर नव्हे तर अर्थावर उभ्या अलंकारांत, तो होण्याचं फारसं कारण नाही. मराठी आणि कन्नड दोन्हींनी ते संस्कृतातूनच घेतले. नवव्या शतकातला कन्नड काव्यशास्त्राचा ग्रंथ ‘कविराजमार्ग’ संस्कृत आलंकारिक दंडीच्या ‘काव्यादर्शा’वर बेतलेला आहे. उपमेय, उपमान ही नावंसुद्धा तीच. मराठीतला साधारण धर्म कन्नड वहीत समानधर्म असतो, साम्यवाचक शब्दाला उपमावाचक म्हणतात, आणि ‘सारखा’च्या जागी ‘अंते’, ‘हागे’, जुन्या काव्यात ‘वोल्’ शोधतात.

खरी ठिणगी यमकावर पडते, आणि तिथं दोघंही बरोबर आहेत. शालेय मराठीत चरणाच्या शेवटी तीच अक्षरं आली की यमक. कन्नडमध्ये त्याला अंत्यप्रास म्हणतात. त्यांचं यमक संस्कृत वळणाचं: तोच अक्षरसमूह पुन्हा यावा आणि अर्थ वेगळा असावा. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातलं यमकही पुनरावृत्तीचंच आहे. शिवाय जुन्या कन्नड पद्यात प्रास, म्हणजे सारख्या व्यंजनाची पुनरावृत्ती, प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षराला साधतात. तुमची थोरली ओळीच्या सुरुवातीकडं आणि धाकटा शेवटाकडं बघत असेल, तर ते यामुळं.

यमक आणि श्लेष यांचा फरक एका शब्दात दाखवता येतो. ‘सूर्य आणि सरकार, दोघांचेही कर मार्चमध्ये तापतात.’ कर शब्द एकदाच आला, अर्थ दोन: श्लेष. ‘सूर्याचे कर तापले, सरकारचे कर वाढले’ म्हटलं तर शब्द दोनदा आला, दोन्हीकडं अर्थ वेगळा: हे थोरलीच्या वहीतलं यमक. धाकट्याच्या वहीत ते यमकात बसणार नाही.

शब्दालंकार की अर्थालंकार ही शंका आली तर त्या शब्दाच्या जागी समानार्थी शब्द घालावा. वरच्या पहिल्या वाक्यात ‘किरण’ घातलं तर सरकार बाहेर पडतं, ‘पट्टी’ घातली तर सूर्य. शब्द बदलला आणि अलंकार मेला, म्हणून शब्दालंकार. ‘धुरासारखं’च्या जागी ‘धुरासमान’ घाला, उपमा जशीच्या तशी राहते, म्हणून तो अर्थालंकार. अनुप्रासाला ही कसोटी लागत असली तरी तिथं कानानंच ठरवावं: मोठ्यानं वाचताना व्यंजन परत परत ऐकू आलं पाहिजे. नुसता ‘आ’ किंवा ‘ई’ पुन्हा आल्यानं अनुप्रास होत नाही.

पेपरात अलंकाराचं नाव लिहून थांबू नये. उपमेय, उपमान वेगळे लिहावेत आणि पुढं एका ओळीत दावा मांडावा, उदाहरणार्थ ‘येथे धुके या उपमेयाचा निषेध करून ते धूर हे उपमानच आहे असे सांगितले आहे, म्हणून अपन्हुती’. थोरलीला हे नवं वाटणार नाही, कन्नड उत्तरांत लक्षणानंतर (म्हणजे व्याख्येनंतर) ‘समन्वय’ म्हणून हीच ओळ लिहायची पद्धत आहे. धाकट्याला तिच्याकडूनच लिहायला शिकू द्या.