चांदीची पहिली वीट घेताय?

भाऊ, बाजारभावापेक्षा स्वस्त देणारा काही दानधर्म करत नसतो. चुंबकावर विसंबू नका, तांबं-शिसंही त्याला चिकटत नाही. कसोटीचा दगड वरचा मुलामाच बघतो, टंच म्हणजे शुद्धता काढायचं मशीनही फार खोल जात नाही. मी यातच फसलो होतो.

किलोची वीट पाण्यात पूर्ण बुडवा. चांदी साधारण 95 मिली पाणी सारते, आत तांबं असेल तर 110च्या आसपास, शिसं असेल तर 88. सोन्याला मात्र ही युक्ती पुरत नाही. आत टंगस्टन धातू भरला तर कळतच नाही; त्याची घनता 19.25, सोन्याची 19.3! मग सोन्याची लगड (वीट) कापूनच बघायची. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडची गलाईवाली माणसं देशभर सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम करतात, ओळखीतला एखादा गाठा. आणि हो, पक्कं बिल घ्याच.