'मीठ' शब्दापासून सुरुवात करताय, तर एवढं बघा

शब्दांच्या मुळाशी जायचा छंद लागला आणि पहिलाच शब्द 'मीठ' निवडलात, फार छान केलंत. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. अर्थ वेगळे मांडा. स्वयंपाकातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. रसायनशास्त्रातलं 'सॉल्ट' म्हणजे क्षार. मोरचूद, तुरटी त्याच घरातली. नवखे इथे हमखास घसरतात, सरसकट 'मीठ' लिहून मोकळे होतात.

२. वाक्प्रचार अख्ख्या वाक्यासकट उतरवा. 'खाल्ल्या मिठाला जागला' यात मीठ म्हणजे उपकार. 'तिखटमीठ लावून सांगितलं' यात पदरची भर. 'जखमेवर मीठ चोळलं' यात झोंबणं. नुसता शब्द टिपलात, तर महिन्याभराने वही उघडल्यावर काहीच हाती लागत नाही.

३. ऐकीव गोष्टी तपासा. लॅटिन 'साल' म्हणजे मीठ, त्यावरून 'सॅलरी' आला, हे खरं. पण रोमन सैनिकांना पगारच मिठात मिळायचा, याला भक्कम पुरावा नाही.

आणि आपल्या 'मीठ'चं मूळ बघा: संस्कृत 'मिष्ट', म्हणजे गोड! हिंदीत 'मीठा' गोडच राहिला, मराठीत तो खारट झाला. खारटपणाचा जुना शब्द 'लवण'. त्यातून 'लोणचं' आलं आणि चक्क 'लावण्य'सुद्धा. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

ध्वनिबदलाचे नियम, प्राकृत रूपं सध्या राहू द्या. आधी पन्नास वाक्यं जमवा, मग पुढचं बोलू.