ऑफिसातल्यांसोबत पाळीपाळीने खेळायला विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालेल असा गेम कोणता?

दोघं विंडोजवर, डिझायनर मॅकवर, एक जण हट्टाने उबुंटूवर, आणि सगळ्यांना कामाच्या मधेमधे पाळीने खेळता येईल असं काहीतरी फुकटात हवंय. तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, ही तर आमचीच टीम. आधी ऑफिसात कॅरम होता, मग अर्धे लोक घरून काम करायला लागले आणि बोर्डावर आता पार्सलं ठेवतात.

आम्ही आधी चुकलो ते सांगतो. बॅटल फॉर वेस्नॉथ घेतला. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, तिन्ही सिस्टिमवर चालतो आणि गेम म्हणून झकासच, षटकोनी घरांचा नकाशा, कुठे उभे आहात त्यावर वार लागतो की चुकतो ते ठरतं, म्हणजे साधा भालाईत गावात उभा केला तर शंभरातले साठ वार चुकवतो आणि मोकळ्या मैदानावर चाळीसच. पण उबुंटूवाल्याने त्याच्या सॉफ्टवेअर सेंटरमधून टाकलं ते व्हर्जन जुनं, आमचं नवीन, झालं, एका सर्व्हरवर येईनातच. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायचं म्हणजे अॅडमिनच्या विनवण्या त्या वेगळ्या. एवढं सगळं करून बसलो तर एक डाव दोन तास, जेवणाची सुट्टी संपली तरी माझ्यावर तिसरीच पाळी.

म्हणून सांगतो, ऑपरेटिंग सिस्टिमचं डोकं लावूच नका, ब्राउझरमध्ये चालणारं घ्या आणि त्यातही 'आत्ता सगळे हजर हवेत' अशी अट नसलेलं घ्या. आम्ही गेलं वर्षभर बोर्ड गेम अरेना या साइटवर आहोत. तिथे टेबल उघडताना निवांत पद्धत निवडायची, दिवसाला एखादी चाल वगैरे, मग तुमची पाळी आली की मेल येते, चहा घेता घेता चाल करायची की परत कामाला. खातं फुकट आहे, काही गेम पैसेवाल्यांसाठी आहेत पण टेबल उघडणाऱ्या एकाकडे प्रीमियम असलं तरी बाकीचे फुकट बसू शकतात, आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून एकाच्या नावावर घेतलंय.

कार्कासॉनपासून सुरू करा. चौकोनी ७२ तुकडे जोडत शहरं, रस्ते उभे करायचे, एक आधीच मांडलेला, चौघं असाल तर प्रत्येकी साधारण १८ चाली, ऑफिसच्या दिवशी रोज एक म्हणजे डाव साडेतीन आठवडे पुरतो. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम, ज्यांनी आयुष्यात लुडोपलीकडे काही खेळलं नव्हतं, त्या दुसऱ्याच डावात माझं जवळजवळ पूर्ण झालेलं शहर शेजारून जोडून घेऊन माझ्या बरोबरीने गुण खाऊन गेल्या. आणि फाशांचं हवं असेल तर कान्ट स्टॉप, चार फासे टाकून दोन जोड्या करायच्या, त्यांच्या बेरजेप्रमाणे सरकत २ ते १२ मधल्या तीन पट्ट्या शेवटपर्यंत न्यायच्या. ६, ७, ८ वर असाल तर पुढचा टाक वाया जायची शक्यता आठेक टक्केच, पण आमचा टीम लीड नेमका तिथेच बुडतो, आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही.

बुद्धिबळवाले दोघं निघाले तर लिचेसवर पाठवा, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, एका चालीला १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. पूर्वी लोक पोस्टकार्डावर खेळायचे तसंच, फक्त पोस्टमनची वाट बघायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलवर सगळे असलेच तर स्क्रिबल डॉट आयओ, एक जण काढतो बाकीचे ओळखतात. त्यात स्वतःचे शब्द घालता येतात, निदान दहा लागतात. आम्ही 'वडापाव', 'मंगळसूत्र', 'अप्रेझल' टाकले होते, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी टाइप करेपर्यंत वेळच संपायचा. अप्रेझल काढताना उबुंटूवाल्याने फक्त एक मोठं शून्य काढलं आणि मॅनेजरनेच सगळ्यात आधी ओळखलं.